व्हेरॉन

व्हेरॉन हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या ‘फरगॉटन रेल्म्स’ नावाच्या कल्पित विश्वातील एक गौण देव आहे. भूगर्भात राहणाऱ्या कृष्णवर्णी एल्फ जमातीच्या, म्हणजेच ड्राउंच्या, देवमंडळात त्याचा समावेश होतो. चौर्य, ड्राउ पुरुष आणि भूपृष्ठावरील ड्राउंची दुष्कृत्ये ही त्याची अधिकारक्षेत्रे मानली जातात. ‘मुखवट्याचा स्वामी’ या बिरुदाने तो ओळखला जातो. ड्राउंची सर्वश्रेष्ठ देवी लोल्थ ही त्याची आई आणि नृत्य, चंद्रप्रकाश व तलवार यांची देवी ईलिस्ट्रेई ही त्याची बहीण होय. आईची सत्ता उलथून टाकणे, ड्राउंना भूपृष्ठावर परत नेणे आणि तेथे त्यांचे साम्राज्य स्थापन करणे हे त्याचे ध्येय आहे. या ध्येयासाठी त्याने रचलेले कट व त्यांची अपयशे हा फरगॉटन रेल्म्सच्या साहित्यातील एक दीर्घकाळ चाललेला कथाविषय आहे.

खेळाची पार्श्वभूमी

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांनी रचलेला आणि १९७४ साली प्रथम प्रकाशित झालेला खेळ आहे. यात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. ‘डंजन मास्टर’ म्हणून ओळखला जाणारा सूत्रधार प्रसंग उभे करतो, इतर सर्व पात्रे बोलवतो आणि नियमांचा निवाडा करतो. अनिश्चित कृतींचा निकाल फाशांनी लागतो. त्यांत वीस बाजूंचा फासा सर्वांत महत्त्वाचा असतो. अनेक बैठकांतून पुढे सरकणाऱ्या सलग कथानकाला ‘मोहीम’ म्हणतात. एखादी मोहीम काही आठवड्यांत संपते, तर एखादी कित्येक वर्षे चालते.

‘ड्राउ’ हा शब्द स्कॉटलंडच्या उत्तरेकडील बेटांच्या लोककथांमधील ‘ट्राउ’ या भूमिगत प्राण्यांच्या नावाशी जोडला जातो. खेळात ड्राउंना ठळक रूप मिळाले ते गायगॅक्स यांनी १९७८ साली लिहिलेल्या साहसपुस्तिकांमधून. लोल्थ ही कोळ्यांची राणीही त्याच मालिकेत अवतरली. प्रारंभी ड्राउ हे भूगर्भातील गूढ शत्रू एवढेच होते. आर. ए. साल्वातोरे यांच्या ‘होमलँड’ (१९९०) या कादंबरीने मेन्झोबेरॅन्झन या भूमिगत नगराचे सविस्तर चित्र वाचकांपुढे ठेवले.

त्या चित्रात ड्राउ समाज कठोर मातृसत्ताक आहे. लोल्थच्या पुजारिणी घराण्यांच्या प्रमुख असतात. पुरुषांना योद्धा किंवा जादूगार होता येते, पण सत्तेत वाटा मिळत नाही. घराण्यात तिसरा मुलगा जन्मला, तर त्याचा लोल्थला बळी देण्याची चाल आहे. कादंबरीचा नायक ड्रिझ्ट हा असाच तिसरा मुलगा असतो. त्याच्या जन्माच्या वेळीच एका भावाने दुसऱ्याचा खून केल्यामुळे तो वाचतो. अशा समाजातील पुरुषांच्या असंतोषाला एखादा देव लाभणे ही कथेच्या दृष्टीने स्वाभाविक गोष्ट होती.

निर्मिती

व्हेरॉनची निर्मिती फरगॉटन रेल्म्सचे जनक एड ग्रीनवुड यांनी केली. ‘द ड्राउ ऑफ द अंडरडार्क’ (१९९१) या त्यांच्या संदर्भपुस्तकात व्हेरॉन व ईलिस्ट्रेई ही भावंडे प्रथम आली. तोपर्यंत ड्राउ म्हणजे लोल्थचे भक्त, हे समीकरण बहुतांशी पक्के होते. ग्रीनवुड यांनी या समीकरणाला दोन पर्याय दिले. एक पर्याय अंधारातून होणाऱ्या बंडाचा, तर दुसरा चंद्रप्रकाशातील मुक्तीचा होता.

पुढे एरिक बॉइड यांच्या ‘डेमिह्यूमन डीटीज’ (१९९८) या पुस्तकात व्हेरॉनचा पंथ, पुरोहित व विधी यांचा विस्तार झाला. खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीतील ‘फेथ्स अँड पँथिऑन्स’ (२००२) या ग्रंथातही त्याची स्वतंत्र नोंद आहे. दोन्ही ठिकाणी त्याचा दर्जा गौण देवाचा आहे. त्याची महत्त्वाकांक्षा मात्र साम्राज्यनिर्मात्याची आहे.

काल्पनिक चरित्र

पहिला कट

व्हेरॉनची जन्मकथा एलेन कनिंगहॅम यांच्या ‘एव्हरमीट: आयलंड ऑफ एल्व्ह्ज’ (१९९८) या कादंबरीत येते. एल्फांचा सर्वोच्च देव कोरेलॉन लॅरेथियन आणि त्याची सहचारिणी अराउश्नी यांना ईलिस्ट्रेई व व्हेरॉन अशी दोन अपत्ये होती. अराउश्नी ही विणकामात निपुण व कृष्णवर्णी एल्फांच्या भाग्याची देवी होती. कोरेलॉनची जागा स्वतः घ्यावी, या ईर्ष्येने तिने पतीविरुद्ध कट रचला. तिने स्वतः विणून दिलेल्या जादूई म्यानामुळे कोरेलॉनची तलवार ऑर्क जमातीचा देव ग्रूम्श याच्याशी झालेल्या द्वंद्वात भंगली. त्यानंतर शत्रुदेवांच्या सैन्याने एल्फदेवांच्या भूमीवर, आर्व्हॅन्डॉरवर, चाल केली. त्या युद्धात अराउश्नीच्या मंत्राने वळलेला ईलिस्ट्रेईचा बाण शत्रूऐवजी पित्यालाच लागला.

व्हेरॉन या कटात आईचा जाणता साथीदार होता. ईलिस्ट्रेई निर्दोष होती, परंतु बाण तिच्याच धनुष्यातून सुटला होता. कट उघडकीस आल्यावर अराउश्नीला राक्षसीरूप देऊन हाकलण्यात आले आणि ती पुढे लोल्थ झाली. व्हेरॉनलाही देवमंडळातून निष्कासित करण्यात आले. ईलिस्ट्रेईने निर्दोष असूनही निर्वासन स्वीकारले. पुढे एक काळ असा येईल की कृष्णवर्णी एल्फांना तिची गरज भासेल, असे तिला दिसले होते.

व्हेरॉनच्या पुढील सर्व वर्तनाचे बीज या कथेत आहे. ज्या आईविरुद्ध तो बंड पुकारतो, तिच्या पहिल्या विश्वासघातात तो भागीदार होता. ज्या बहिणीचा तो द्वेष करतो, तिने त्याच्या अपराधाची शिक्षा स्वेच्छेने वाटून घेतली. त्याच्या जगात निष्ठेची पहिली शिकवणच फसवणुकीतून मिळाली आहे.

इलिथीर

फरगॉटन रेल्म्सच्या प्राचीन इतिहासात दक्षिणेकडील अरण्यांत इलिथीर हे कृष्णवर्णी एल्फांचे बलाढ्य राज्य होते. एल्फ राज्यांमधील दीर्घ ‘मुकुटयुद्धां’त या राज्याने भीषण संहार घडवला. तेथे लोल्थसह ज्या दुष्ट देवतांची उपासना वाढली, त्यांत व्हेरॉनही होता. अखेरीस इतर एल्फांच्या विनंतीवरून देवांनी कृष्णवर्णी एल्फांना शाप दिला. ते ड्राउ झाले आणि भूगर्भात ढकलले गेले. कल्पित कालगणनेनुसार ही घटना डेलरेकनिंगपूर्व १०००० या वर्षाच्या सुमाराची आहे.

व्हेरॉनचे अनुयायी याच हरवलेल्या राज्याला आपला जन्मसिद्ध वारसा मानतात. भूपृष्ठाला ते ‘वरची रात्र’ म्हणतात. इलिथीरच्या विनाशास कारण झालेल्या देवतांमध्ये आपल्या देवाचाही समावेश होता, ही गोष्ट त्यांच्या प्रचारात येत नाही.

स्वरूप व प्रतीके

व्हेरॉनचे वर्णन देखण्या, सडपातळ ड्राउ पुरुषासारखे केले जाते. त्याच्या चेहऱ्याचा काही भाग काळ्या मुखवट्याने झाकलेला असतो. त्याच्या केसांचा व डोळ्यांचा रंग मनःस्थितीनुसार बदलतो. मुखवटा घालून भाव लपवणाऱ्या या देवाच्या भावना केसांच्या रंगातून उघड व्हाव्यात, हा विरोधाभास लक्षणीय आहे. काळ्या काचांची जोडी जोडून केलेला मुखवटा हे त्याचे प्रतीक, तर आखूड तलवार हे त्याचे शस्त्र आहे. खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे निवासस्थान ‘एलानियाथ’ हे असून ते कार्सेरी या प्रतलाच्या कोलोथिस या थरात आहे. कार्सेरी हे निर्वासितांचे व विश्वासघातक्यांचे कारागृह म्हणून वर्णिले जाते.

शिकवण

व्हेरॉनच्या शिकवणीचे तीन भाग पडतात. पहिला भाग लोल्थच्या सत्तेच्या नाशाचा आहे. कोळ्यांच्या राणीने लादलेली मातृसत्ता मोडून काढावी आणि घराण्याघराण्यांतील रक्तरंजित कलह संपवून ड्राउंचे एकसंध राष्ट्र घडवावे, असे तो सांगतो. दुसरा भाग स्त्री-पुरुष समतेचा आहे. नव्या ड्राउ समाजात दोघांचे स्थान समान असावे, असे त्याचे घोषित मत आहे. तिसरा भाग साम्राज्याचा आहे. ड्राउंनी बळाने भूपृष्ठ जिंकावे आणि इतर ‘हीन’ जमातींवर राज्य करावे.

यातील पहिले दोन भाग वाचून एखाद्याला व्हेरॉन हा शोषितांचा देव वाटू शकतो. तिसरा भाग हे मत टिकू देत नाही. तो वर्चस्वाची रचना मोडत नाही. त्या रचनेतील ड्राउ पुरुषाची जागा तेवढी बदलतो. लोल्थच्या राज्यात जी जागा ड्राउ पुरुषांची असते, ती व्हेरॉनच्या राज्यात माणसे, बुटके आणि इतर एल्फ यांच्या वाट्याला यावी, अशी त्याची योजना आहे. समतेचे वचन ड्राउंपुरतेच मर्यादित असते, आणि ज्या पंथाने हे वचन द्यायचे, त्याचे पौरोहित्य परंपरेने पुरुषांकडेच राहिले आहे.

पंथ व कार्यपद्धती

लोल्थच्या नगरांत व्हेरॉनची उपासना म्हणजे देहदंडाला निमंत्रण होय. त्यामुळे त्याचा पंथ लहान, परस्परांपासून अलग ठेवलेल्या गुप्त गटांत विभागलेला असतो. एका गटातील माणसाला दुसऱ्या गटाची माहिती नसते. पुरोहित बहुधा व्यापारी, भाडोत्री सैनिक, चोर किंवा जादूगार म्हणून वावरतात. मंदिराऐवजी गुप्त खोल्या, ग्रंथाऐवजी खुणा आणि प्रवचनाऐवजी कुजबुज, असे या धर्माचे बाह्यरूप आहे.

या गुप्ततेचा पंथाला मोठा लाभ होतो, कारण एक गट पकडला गेला तरी उरलेले वाचतात. तोट्याची बाजूही तितकीच मोठी आहे. विश्वासाची सवय नसलेल्या गटांना एकत्र येऊन मोठी कृती करता येत नाही. प्रत्येक नेता दुसऱ्याला संभाव्य फितूर मानतो. ज्या राष्ट्रीय ऐक्याचा व्हेरॉन पुरस्कार करतो, त्याला त्याच्याच पंथाची रचना अडथळा ठरते.

प्रमुख कट

निस्टायर व वाटाड्याचे ताईत

एलेन कनिंगहॅम यांच्या ‘डॉटर ऑफ द ड्राउ’ (१९९५) या कादंबरीत व्हेरॉनचा अनुयायी निस्टायर हा जादूगार व्यापारी येतो. ‘ड्रॅगन्स होर्ड’ या व्यापारी टोळीचा तो प्रमुख आहे. व्यापाराच्या आडून असंतुष्ट ड्राउ पुरुषांना गोळा करून भूपृष्ठावर राज्य उभारण्याचा त्याचा बेत असतो.

या बेतात एक व्यावहारिक अडचण आहे. फरगॉटन रेल्म्सच्या त्या काळातील नियमांनुसार ड्राउंची जन्मजात जादू व शस्त्रांचे सामर्थ्य भूगर्भातील विशिष्ट ऊर्जेवर अवलंबून असते आणि सूर्यप्रकाशात ते लोप पावते. ‘विंडवॉकर’ नावाच्या ताईतात ही जादू साठवून वर नेता येते. ताईत मेन्झोबेरॅन्झनच्या सर्वोच्च घराण्यातील तरुणी लिरिएल बेनर हिच्याकडे असते आणि निस्टायर तिच्या मागावर निघतो. लिरिएलला स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी ताईत हवे असते, तर निस्टायरला सैन्यासाठी. वस्तू एकच असली तरी दोघांच्या हेतूंतील फरक कादंबरीच्या गाभ्याशी आहे. निस्टायरचा बेत सिद्धीस जात नाही.

याच कथेत शक्ती हुनझ्रिन ही लोल्थची पुजारीण व्हेरॉनचीही सेवा पत्करते आणि दोन्ही देवतांची कृपा एकाच वेळी मिळवते. पुरुषांचा कैवारी म्हणवणारा देव सोय असेल तेथे शत्रूच्या पुजारिणीलाही जवळ करतो, हे या प्रसंगातून दिसते.

कॉर्मन्थॉरचे अरण्य

भूपृष्ठावरील एल्फांनी ‘माघार’ या घटनेनंतर कॉर्मन्थॉर या महाअरण्यातील आपली प्राचीन वस्ती सोडली. तिसऱ्या आवृत्तीच्या ‘फरगॉटन रेल्म्स कॅम्पेन सेटिंग’ (२००१) या मूळग्रंथानुसार, त्या रिकाम्या झालेल्या प्रदेशात ड्राउंचे गट शिरले. त्यांत व्हेरॉनला मानणारे जेलरे घराणे आणि भटके ऑझ्कोव्हिन कुळ हे प्रमुख होते. व्हेरॉनच्या योजनेचे हे सर्वांत मूर्त यश म्हणता येईल. येथे कोणतेही नगर जिंकले गेले नाही, मात्र ड्राउ प्रत्यक्षात वनवृक्षांखाली राहू लागले. याच प्रदेशात ईलिस्ट्रेईचे भक्तही असल्याने भावंडांचे वैर भूगोलातही उमटले.

लोल्थचे मौन

‘वॉर ऑफ द स्पायडर क्वीन’ (२००२–२००५) ही सहा लेखकांनी लिहिलेली सहा कादंबऱ्यांची मालिका आहे. तिच्या कथेत डेलरेकनिंग १३७२ या वर्षी लोल्थ अचानक मौन धारण करते. तिच्या पुजारिणींच्या प्रार्थनांना उत्तर मिळत नाही आणि त्यांचे सामर्थ्य लोपते. व्हेरॉनला हजारो वर्षांत अशी संधी मिळाली नव्हती.

रिचर्ड बेकर यांच्या ‘कंडेम्नेशन’ (२००३) या तिसऱ्या कादंबरीत मौनाचे कारण शोधणारी मेन्झोबेरॅन्झनची तुकडी जेलरे घराण्याचा पुरोहित झिरिक याची मदत घेते. एका कामगिरीच्या मोबदल्यात झिरिक त्यांचे आत्मे लोल्थच्या लोकी नेतो. तेथे देवीचे मंदिर बंद असते. वाटाड्या म्हणून आलेला झिरिक त्या जागी आपल्या देवाला वाट मोकळी करून देतो आणि व्हेरॉन लोल्थच्या बंद द्वारावर प्रहार करू लागतो. लोल्थचा रक्षक व योद्धादेव सेल्वेटार्म त्याला आडवा येतो. दोन देव झुंजत खोल दरीत कोसळतात. झिरिक प्राणास मुकतो आणि कटही फसतो.

सेल्वेटार्म हा पुराणकथेनुसार व्हेरॉनचाच पुत्र आहे. लोल्थने त्याला कपटाने आपला दास केले होते. अशा रीतीने बापाच्या बंडाला दासत्वातला मुलगाच आडवा येतो, आणि या देवकुळातील प्रत्येक संघर्ष कुटुंबातच घडतो, हे पुन्हा सिद्ध होते.

बहिणीच्या हत्येचा प्रयत्न

लिसा स्मेडमन यांच्या ‘लेडी पेनिटेंट’ या त्रयीतील ‘सॅक्रिफाइस ऑफ द विडो’ (२००७) या पहिल्या कादंबरीत व्हेरॉनचा अखेरचा मोठा कट येतो. त्याचे पुरोहित ईलिस्ट्रेईच्या पुजारिणींना ठार करून त्यांचे आत्मे आपल्या मुखवट्यांत कोंडतात. या चोरलेल्या आत्म्यांच्या बळावर व्हेरॉनच्या लोकातून ईलिस्ट्रेईच्या लोकात जाणारे द्वार उघडायचे आणि देवाने गुप्तपणे आत शिरून बहिणीची हत्या करायची, अशी योजना असते.

द्वार उघडते आणि व्हेरॉन आत शिरतो. परत मात्र ईलिस्ट्रेई येते, आणि तिच्या चेहऱ्यावर भावाचा मुखवटा असतो. व्हेरॉन मारला गेला आहे आणि त्याची अधिकारक्षेत्रे तिच्याकडे आली आहेत, असा याचा अर्थ होतो. यानंतर ‘मुखवटाधारी देवी’ या रूपात तिची उपासना सुरू होते. पुरुष पुरोहित आणि स्त्री पुजारिणी यांनी एका देवीच्या सेवेत कसे राहायचे, हा प्रश्न पुढच्या दोन कादंबऱ्यांत सतत डोके वर काढतो. पुरुष व स्त्रिया यांची एकाच मंदिरातील सहसेवा हे व्हेरॉनचे घोषित उद्दिष्ट त्याच्या मृत्यूनंतर, त्याने जिला मारायचे ठरवले होते तिच्याच हातून, काही अंशी साकार झाले.

बंडाचे स्वरूप

व्हेरॉनच्या कटांमध्ये काही समान सूत्रे आढळतात. प्रत्येक कट उसन्या बळावर उभा असतो. निस्टायरला दुसऱ्याचे ताईत लागते, झिरिकला शत्रूची तुकडी आणि अखेरच्या कटाला चोरलेले आत्मे. प्रत्येक कटात विश्वास ठेवणाऱ्याचा घात अंतर्भूत असतो. प्रत्येक कट एका निर्णायक आघातावर अवलंबून असतो आणि तो हुकला की मागे उभे राहणारे कोणीही नसते.

ईलिस्ट्रेईच्या मार्गाशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. दोघा भावंडांना लोल्थची सत्ता नको आहे आणि दोघांनाही ड्राउंना भूपृष्ठावर आणायचे आहे. ईलिस्ट्रेईचे भक्त इतर जमातींशी मैत्री जोडून, त्यांच्या शेजारी राहून वर येऊ पाहतात. व्हेरॉनचे भक्त त्यांच्यावर राज्य करण्यासाठी वर येतात. पहिल्या मार्गात शेजाऱ्यांचा अविश्वास दूर करण्याचे काम संथ असले तरी शक्य असते. दुसऱ्या मार्गात प्रत्येक यश नवा शत्रू निर्माण करते.

व्हेरॉनची तक्रार मात्र खोटी नाही. बळी दिली जाणारी तिसरी मुले, अपमान सहन करणारे योद्धे व जादूगार हे सर्व त्या विश्वात खरे आहे. म्हणूनच तो निव्वळ खलनायक म्हणून हातावेगळा करता येत नाही. अन्याय खरा असला तरी त्याविरुद्धचे प्रत्येक बंड न्याय्य ठरत नाही, हा विचार या पात्राच्या मुळाशी आहे.

खेळमोहिमेतील उपयोग

मोहिमेत व्हेरॉन स्वतः क्वचितच समोर येतो. खेळाडूंची गाठ पडते ती त्याच्या मुखवटाधारी पुरोहितांशी व हेरांशी. सूत्रधारांना त्याच्या पंथाचे आकर्षण वाटण्याचे कारण म्हणजे तो शत्रू व सहकारी अशा दोन्ही भूमिकांत बसतो. लोल्थच्या नगरात अडकलेल्या खेळाडूंना बाहेर पडण्याची वाट दाखवणारा एकमेव माणूस व्हेरॉनचा पुरोहित असू शकतो. त्याची मदत घ्यावी की नाही, हा निर्णय फाशांनी होत नाही. तो खेळाडूंनाच घ्यावा लागतो.

अशा मोहिमेची रचना साधारणपणे तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात एखाद्या व्यापारी तांड्याभोवती किंवा सीमेवरील गावाभोवती चोऱ्या व बेपत्ता होण्याचे प्रकार घडतात. दुसऱ्या टप्प्यात खेळाडूंना पंथाचा सुगावा लागतो आणि त्याचा खरा शत्रू लोल्थ आहे, हेही कळते. येथे युतीचा मोह उत्पन्न होतो. तिसऱ्या टप्प्यात मित्राची संपूर्ण योजना उघड होते आणि लोल्थच्या पाडावानंतर गुलाम होण्याची पाळी कोणाची, हे स्पष्ट होते.

पाचव्या आवृत्तीच्या नियमांत व्हेरॉनच्या पुरोहिताला ‘ट्रिकरी’ हे क्षेत्र सुचवले आहे. या क्षेत्राच्या पुरोहिताला स्वतःची आभासी प्रतिमा निर्माण करता येते, एखाद्या सहकाऱ्याला लपून वावरण्यास साहाय्य करता येते आणि वेषांतराचे मंत्र वापरता येतात. समोरचा पुरोहित खरे बोलतो की नाही, हे ठरवण्यासाठी त्याच्या फसवणुकीच्या कौशल्याविरुद्ध खेळाडूंच्या पात्रांची अंतर्दृष्टी पणाला लागते. याच आवृत्तीच्या २०१४ सालच्या नियमांत ड्राउंना अंधारात १२० फुटांपर्यंत दिसते, परंतु थेट सूर्यप्रकाशात त्यांचे हल्ले व निरीक्षण दुबळे पडते. भूपृष्ठावर साम्राज्य स्थापण्याच्या स्वप्नाला दिवस उजाडताच मर्यादा येते. म्हणून व्हेरॉनच्या भक्तांचे छापे नेहमी रात्री पडतात.

पुनरागमन व बदलते चित्र

चौथ्या आवृत्तीने २००८ साली फरगॉटन रेल्म्सचा काळ सुमारे शंभर वर्षे पुढे नेला. ड्राउ देवमंडळाची वाताहत झाली होती आणि लोल्थचे वर्चस्व जवळपास निर्विवाद होते. त्यापूर्वी ‘लेडी पेनिटेंट’ त्रयीच्या अखेरीस ईलिस्ट्रेईचाही अंत दाखवण्यात आला होता. पाचव्या आवृत्तीच्या काळात ‘दुसरे विभाजन’ या विश्वव्यापी घटनेनंतर अनेक लुप्त देवता परतल्या. ‘सोर्ड कोस्ट ॲडव्हेंचरर्स गाइड’ (२०१५) या पुस्तकातील ड्राउ देवतांच्या यादीत व्हेरॉन व ईलिस्ट्रेई या दोघांचीही नावे पुन्हा आली. ‘मॉर्डेनकाइनेन्स टोम ऑफ फोज’ (२०१८) या पुस्तकातील यादीतही व्हेरॉन आहे.

दरम्यान ड्राउ जमातीच्या चित्रणाविषयी खेळाच्या वाचकवर्गात प्रश्न उपस्थित झाले. एखादी संपूर्ण जमात, तीही कृष्णवर्णी, जन्मतः दुष्ट दाखवणे योग्य आहे काय, हा त्यांतील मुख्य प्रश्न होता. प्रकाशक ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ यांनी जून २०२० मध्ये निवेदन काढून ऑर्क व ड्राउ यांचे चित्रण बदलण्याची भूमिका जाहीर केली. साल्वातोरे यांच्या ‘स्टारलाइट एन्क्लेव्ह’ (२०२१) या कादंबरीत लोल्थच्या छायेपासून दूर, अतिशीत प्रदेशात नांदणाऱ्या स्वतंत्र ड्राउ समाजाचे दर्शन घडते.

या बदलाने व्हेरॉनच्या भूमिकेलाही नवा संदर्भ मिळतो. सर्व ड्राउ लोल्थचे दास आहेत, हे गृहीतक त्याच्या प्रचाराला सोयीचे होते, कारण त्यामुळे मुक्तीचा एकमेव दावेदार तो स्वतः ठरत असे. ज्या विश्वात ड्राउ कोणावरही राज्य न करता स्वतंत्रपणे राहू शकतात, त्या विश्वात लोल्थची गुलामी किंवा व्हेरॉनचे साम्राज्य एवढेच दोन पर्याय उरत नाहीत.